आईची फिरती सीट

अर्धांगवायूच्या झटक्यात आईचा उजवा हात आणि उजवा पाय गेला, जीभ तेवढी शाबूत राहिली. डॉक्टर म्हणाले, नशीब समजा. मी म्हणणार होते की तुम्ही चार दिवस आमच्याकडे राहून बघा, मग नशिबाचं बोलू. पण आजूबाजूला माणसं होती, म्हणून नुसती औषधांची चिठ्ठी घेतली.

हॉस्पिटलमधून सोडलं त्या दिवशी माझा धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, दोन आठवडे तुझ्याकडे ठेव, मग मी नेतो." त्या दोन आठवड्यांना बघता बघता तिसरं वर्ष लागलं.

मी नाहूरला राहते. घर माझं, माझ्या नोकरीतून घेतलेलं. लग्न केलं नाही, त्यामुळे घरात मी आणि आई, आणि दिवसा तिला बघायला येणाऱ्या मावशी. पण आईच्या लेखी ते घरच नाही, ते "लेकीचं दार". आमच्या कोकणातल्या माणसांत आईने राहायचं ते मुलाकडे. लेकीकडे बाळंतपणाला जावं, चार दिवस पाहुणचार घ्यावा आणि उठावं. त्याहून जास्त राहिली तर मुलाने हाकलली असणार, एवढं सगळ्यांना न सांगता कळतं. म्हणून घरी कुणीही आलं, गॅसवाला आला तरी, आई आधी सांगायची, "मी इथे तात्पुरती आहे हां. माझं घर कांदिवलीला." देव कांदिवलीला, देवघर कांदिवलीला, घरचा गणपती बसायचा तोही भावाकडे कांदिवलीला. माझ्याकडे आई आणि तिची औषधं.

मग ती कांदिवलीला जात का नव्हती? तर गाडीत बसता येत नव्हतं म्हणून. व्हीलचेअर लिफ्टमधून खाली यायची, गाडीच्या दाराशी जायची, आणि तिथून पुढे आईला उचलून सीटवर ठेवायला तीन माणसं लागायची. एकदा तपासणीला नेताना वॉचमन, इस्त्रीवाला आणि तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ अशा तिघांनी तिला उचललं. गाऊन दाराच्या कडेला अडकून वर गेला, आणि समोर शाळेच्या बसची वाट बघत आया उभ्या होत्या. ज्या बाईने उभ्या जन्मात खांद्यावरचा पदर ढळू दिला नाही, तिचं असं प्रदर्शन झालं. घरी आल्यावर म्हणाली, "आता मला बाहेर काढलंस तर चौघांच्या खांद्यावरूनच काढ." त्यानंतर डॉक्टर घरी यायला लागले.

भावाची तर सोय झाली. फोन केला की सुरू, "अगं, मी कधीच आणलं असतं, पण ती गाडीत बसणार कशी?" दुसऱ्या वर्षीच्या गणपतीला त्याने व्हिडिओ कॉल केला. मी फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून आईसमोर ठेवला. आरतीचं ताम्हण वहिनीच्या आईच्या हातात होतं. आई डाव्या हाताने मांडीवर टाळ्या देत होती. फोन बंद झाल्यावर मी तिची लाळ पुसत होते, तेव्हा मला म्हणाली, "गाडीत बसता येत नाही म्हणून गं. नाहीतर त्याने मला असं परक्या दारात ठेवलं असतं का?"

परकी मी. मस्तकात तिडीक गेली. त्याच वेळी ठरवलं की हिला गाडीत बसवायचीच आणि कांदिवलीच्या दारात नेऊन उभी करायची. आईला देवाचं दर्शन घडावं हे त्यातलं अर्धं कारण. उरलेलं अर्धं म्हणजे मला त्याचं तोंड बंद करायचं होतं.

बाहेर फिरणाऱ्या सीटा मिळतात हे मला ठाऊक होतं. सीट दाराकडे वळते, थोडी बाहेर सरकते, माणूस व्हीलचेअरवरून नुसता आडवा सरकून तिच्यावर बसतो, सीट पुन्हा आत वळते. कुणी उचलायला नको. पण माझी गाडी जुनी, उंच छपराची, छोट्या डब्यासारखी. दुकानदार म्हणाला, या मॉडेलला बसत नाही मॅडम, गाडीच बदला. दुकानं पालथी घालण्यात उन्हाळा आला, मग मी घाटकोपरला काकांकडे गेले.

हे काका म्हणजे वडिलांचे गावाकडचे चुलतभाऊ. घाटकोपरला त्यांचा गाळा आहे, खिडक्यांची ग्रिलं आणि गेट बनवतात. बोटात दोन अंगठ्या, स्वतःला इंजिनियर म्हणवतात आणि जगात दुसऱ्या कुणाला काही येतं यावर त्यांचा विश्वास नाही. माझं म्हणणं ऐकून म्हणाले, करून देतो, पण दिवाळीनंतर, तोवर हात रिकामा नाही. मला हवी होती गणपतीच्या आत. मी म्हटलं, मग मला वेल्डिंग शिकवा, मी करते. काका एवढे हसले की कामगार काम थांबवून बघायला लागले. "तुका चपात्ये तरी गोल जमतत काय गो?" म्हणाले. मी म्हटलं, जमत नाहीत, म्हणूनच इथे आले.

शिकवलं त्यांनी. दर रविवारी फुकटची करमणूक होती ना. हातात रॉडचा चिमटा, तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा. रॉड लोखंडाला टेकवून लगेच किंचित उचलायचा, की ठिणगी धरते आणि रॉड वितळायला लागतो. उचलायला उशीर झाला की रॉड तिथेच चिकटतो. माझा चिकटायचाच. मी तो ओढत बसले की काका गाळ्यातल्या सगळ्यांना हाक मारून दाखवायचे, "बघा रे, बाईन झेंडो रोवलो." घाईने उचलला तर लोखंडावर नुसते गोळे पडायचे, शेळीच्या लेंड्यांसारखे. जोर लावला तर पाइपला भोक. "आवाज ऐक," म्हणायचे, "कढईत भजी पडल्यावर जसा येतो तसा आला पाहिजे." माझ्या कढईतून नुसता धूर यायचा. जोड झाला की वरची काळी खपली हातोडीने उडवायची, मग खाली कळतं काय दिवे लावलेत ते. काका तो तुकडा शिकंज्यात धरून एक दणका द्यायचे आणि तुटला की आईला दाखवायला माझ्या हातात ठेवायचे. "आवशीक दाखव," म्हणायचे, "म्हणाव ह्येच्यावर बसतलंस." मी म्हटलं, काका, तुमच्या गेटांना पण दणका मारून बघायचा का? त्यानंतर थोडा वेळ जरा बरं शिकवलं.

एका रविवारी काच नीट खाली ओढायच्या आधीच ठिणगी पाडली, तीही एकदा नाही, बरेचदा. त्या दिवशी घरी पोचेपर्यंत डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं झालं. पाणी थांबेना. काकांनी फोनवर सांगितलं की कच्च्या बटाट्याच्या चकत्या ठेव, सगळे वेल्डर तेच करतात. मी बटाटे कापून डोळ्यांवर ठेवून आडवी पडले. आई पलंगावरून म्हणाली, "भाजीचे होते ते." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "रड हो रड. शेजाऱ्यांना वाटेल, माझ्यासाठी रडतेयस." मी म्हटलं, तुझ्यासाठी रडायला माझे डोळे फुटायला लागले, एवढं पुरे नाही का? त्यावर ती हसली. आमचं असं चालतं. बाहेरच्याला वाटेल एकमेकींचा जीव घेतील, आणि ते काही अगदी खोटं नाही.

हळूहळू हात बसला. भज्यांचा आवाज यायला लागला. तेव्हा काकांनी मला घरी न्यायला एक छोटं मशीन दिलं, आणि मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम मांडलं. गाडीतली डावीकडची सीट काढली, बॅटरी सोडवली, खालचा गालिचा उचलला. सेक्रेटरी आले, मॅडम हे काय, सोसायटीत अलाउड नाही. मी मुखवटा वर करून म्हटलं, आईला उचलायला दर वेळी तुम्ही खाली येणार असाल तर आत्ता बंद करते. ते कंबरदुखीचं काहीतरी बोलत निघून गेले.

पहिली चौकट वाया गेली. काका म्हणाले जाड पाइप घे, मी घेतला. गेटवाल्याचं डोकं ते, सगळं हत्तीच्या वजनाला टिकेल असं करणार. त्या चौकटीवर सीट बसवली तर एवढी उंच झाली की आईच्या मापाने डोकं छपराला लागत होतं. सगळं कापलं. पातळ पाइप आणला, तर त्याला भोकं पडायला लागली. भोकं भरली, घासली, पुन्हा जोडली. एक ठिणगी माझ्या ब्लाउजच्या गळ्यातून आत गेली, तिची खूण अजून आहे. फिरायला खाली मोठं बेअरिंग, पुढेमागे सरकायला पट्ट्या, पाय ठेवायला सीटबरोबरच फिरणारी छोटी पायरी, आणि आत आल्यावर सीट हलू नये म्हणून एक खिट्टी. शेवटी काकांना बोलावलं. त्यांनी आपली शंभर किलोच्या वरची काया त्या सीटवर आदळली, बसल्या बसल्या चार वेळा आतबाहेर फिरले, उतरले, जोड बोटाने चाचपले आणि म्हणाले, "रंग बरो दी." ते त्यांचं सर्टिफिकेट.

मग आईला गाऊनवर खाली आणलं. व्हीलचेअर सीटला चिकटवली, मधे गुळगुळीत फळी टाकली, डाव्या हाताने दाराची कड धरून आई सरकली. बसली. मी तिचे पाय उचलून पायरीवर ठेवले, सीटला हात लावला आणि ती वळून आत गेली, खिट्टी टक् करून बसली. कुणी उचललं नाही, काही वर गेलं नाही. आई समोरच्या काचेतून पार्किंगच्या भिंतीकडे बघत होती. मी दारात उभी. दोन वर्षांत मला या बाईने एकदाही "बरं केलंस" म्हटलं नव्हतं. वाटलं, आता म्हणेल. मला ते ऐकायचं होतं, लहान पोरीला ऐकायचं असतं तसं. आई म्हणाली, "कर्र वाजतंय."

मी ग्रीस लावलं. एवढं लावलं की सीट फुंकर मारली तरी फिरावी.

संध्याकाळी तिने माळ्यावरची मोठी बॅग काढायला सांगितली. "सगळं भर," म्हणाली. "साड्या, गाऊन, औषधं, माझी वाटी, सगळं."

"दीड दिवसाच्या गणपतीला?"

"मी परत यायची नाही. जाता येत नव्हतं म्हणून इथे होते. आता येतंय."

मी म्हटलं, आनंद आहे, माझीही सुटका. आणि ते मनापासून म्हटलं. पण बॅग भरताना मला स्वतःचाच राग येत होता. गाडीचं दार सताड उघडतं, सीट लोण्यासारखी फिरते, आणि मी हे सगळं हिला माझ्याकडून न्यायला केलं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. तिने स्वतः भावाला फोन लावायला सांगितलं. स्पीकरवर म्हणाली, "मी गणपतीला येतेय. राहायलाच येतेय." तिकडे त्याने आधी टीव्ही बंद केला. मग तो म्हणाला, "ये ना आई, घर तुझंच आहे." आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी इतकी वर्षं तिला कोंडून ठेवलं होतं.

चतुर्थीला सकाळी नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. आईला लग्नातली रेशमी साडी नेसायची होती. मावशींनी आणि मी मिळून ती पलंगावर नेसवली, त्यातच तास गेला. खाली नेऊन सीटवर सरकवली, तर रेशीम आणि सीटचं रेक्झिन, आई घसरगुंडीवरून यावी तशी पुढे घसरली. मी गुडघा लावून अडवली म्हणून, नाहीतर फरशीवर आली असती. सगळ्या चाचण्या मी गाऊनवर घेतल्या होत्या. रेशमाचा विचार काकांच्याही डोक्यात आला नाही, त्यांना गेटं बसवायची असतात, गेटं साडी नेसत नाहीत. आई गुडघ्यावर अडकलेली, तशीच म्हणाली, "पाडतेस? आजच्या दिवशी?" वरून गोधडी आणून सीटवर अंथरली, तिची पकड बसली आणि आम्ही निघालो.

पूर्ण रस्ता ती बोलत होती. लिंक रोडला गाड्यांची रांग लागली होती, ढोल वाजत होते, टेम्पोतून मूर्ती चालल्या होत्या. आई सांगत होती की मोदकाची उकड वहिनीला जमत नाही, आता मी बसून सांगीन. देवघराची दिशा बदलायला हवी. नातवाला श्लोक शिकवायचे राहिलेत. मला म्हणाली, "तू येत जा हो रविवारी. सख्ख्या घरासारखं ये." मी स्टिअरिंग घट्ट धरून बरं म्हटलं. एवढी खूश मी तिला वडील होते तेव्हा पाहिली होती, त्यानंतर नाही.

कांदिवलीला त्याच्या बिल्डिंगखाली गाडी लावली. मी फोन केला. तो खाली आला, अंगात झब्बा, कपाळाला गंध. मी दार उघडलं, खिट्टी सोडली, आणि आई वळून त्याच्या समोर आली, रेशमी साडीत, पदर खांद्यावर, पाय जुळवून. एखाद्या मूर्तीचा पाट वळवावा तशी. मी डिकीतून व्हीलचेअर काढून उघडली. मोठी बॅगही खाली ठेवली.

तो वाकून आईच्या पाया पडला. मग बॅगेकडे बघितलं. मग म्हणाला, "आई, वर सगळी सासरची मंडळी आहेत गं. पाय ठेवायला जागा नाही. बाथरूमला लाइन लागलीय. तुझं ते सगळं कसं करायचं? तुलाच त्रास होईल."

आई म्हणाली, "मी एका कोपऱ्यात बसेन."

"अगं, कोपराच नाही. सगळं आटोपू दे, मग निवांत नेतो तुला. मी स्वतः येतो न्यायला." आणि तेवढ्यात त्याला काय सुचलं, त्याने खिशातून फोन काढला, वर वहिनीला व्हिडिओ कॉल लावला आणि आईच्या तोंडासमोर धरला. "घे, दर्शन घे. बघ काय सुंदर मूर्ती आहे." तिसऱ्या मजल्यावर गणपती, खाली पार्किंगमध्ये आई, आणि मधे तो फोन. आईने डावा हात वर करून कपाळाला लावला. वहिनी फोनमधून म्हणाली, "आई, साडी किती छान दिसतेय."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, लिफ्ट चालू आहे, खुर्ची उघडी आहे, तू फक्त बाजूला हो, मी नेते वर. तो माझ्याकडे न बघता सीटकडे बघत होता. खाली वाकून बेअरिंग पाहिलं. "ताई, हे तू केलंस? कसलं भारी आहे यार." आणि फिरते कशी ते बघायला म्हणा किंवा कशालाही म्हणा, त्याने सीटच्या हाताला एक बोट लावलं. ती फिरली. जराही आवाज झाला नाही. आई त्याच्यासमोरून वळली आणि आत गेली, तोंड समोरच्या काचेकडे, आणि खिट्टी टक् करून बसली.

पूर्वी तिला परत गाडीत कोंबायला त्याला तीन माणसं बोलवावी लागली असती. वरची पाहुणेमंडळी गॅलरीत आली असती, चार लोकांनी विचारलं असतं, आईला वर का नेत नाही. त्याला लाज वाटली असती. ती सगळी तसदी मी वाचवून ठेवली होती. मला त्याच्या कानाखाली द्यायची होती, आणि मी उचललाही होता हात, पण आई आतून म्हणाली, "सणाचा दिवस आहे. तमाशा करू नकोस. गाडी काढ." त्याने धावत वर जाऊन मोदकांचा डबा आणला, तिच्या मांडीवर ठेवला आणि दार लावलं. बॅग मीच पुन्हा डिकीत टाकली.

परतताना मी बरंच बोलले, त्याच्याबद्दल, तोंडाला येईल ते. तिने काच खाली करायला सांगितली, बहुतेक ढोलांच्या आवाजात माझं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून. आतापर्यंत तिच्याकडे निदान एक कारण होतं. गाडीत बसता येत नाही म्हणून तो नेत नाही, यावर ती दोन वर्षं जगली होती. ते कारण मी रॉडने वितळवून टाकलं, आणि तेही दर रविवारी शिकायला जाऊन.

लिफ्टमधून वर आलो तर समोरच्या काकू दारातच उभ्या. मोठी बॅग बघितली, आईची साडी बघितली. "हे काय, लगेच परत? राहणार होता ना?"

आई म्हणाली, "काय सांगू तुम्हाला. तिथे गेलो आणि सीट अडकली. काही केल्या फिरेना. मुलगा बिचारा घामाघूम झाला, पण उतरताच आलं नाही. हिचं वेल्डिंग."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. आईनेही पाहिलं. मी तिला पूर्वी कधी कुणापुढे हात पसरताना पाहिलं नव्हतं, म्हणून ते काय होतं हे कळायला मला जरा वेळ लागला.

"हो काकू," मी म्हटलं. "अडकली. कच्चं राहिलं माझं काम."

काकू चुकचुकल्या आणि दार लावून घेतलं. मी आईला आत नेलं, साडी सोडली, गाऊन घातला, उशी सारखी केली. तिने डोळे मिटले होते. मला वाटलं झोपली.

"नीट करून घे ते," ती डोळे न उघडता म्हणाली. "वर्ष आहे हातात. पुढच्या गणपतीला अडकायला नको."

मी बरं म्हटलं.